पुकारा

शहाद्याच्या कोर्टात बावीस वर्षं मी नावं पुकारतो.
दाराबाहेर येऊन, तीनदा.
रस्त्यानं पपईचे ट्रक जात असतात,
त्यांच्यावरून आवाज गेला पाहिजे
एवढीच माझी नोकरी.

घरी मी अहिराणी बोलतो, साहेबांशी मराठी,
पुकारा हिंदीत:
रमिलाबाई गुलाब पावरा, हाजिर है?
चौदा तारखांना हे नाव ओरडलो.
चौदा तारखांना ते समोरच्या झेरॉक्सच्या दुकानाला धडकून
परत आलं.
मग वॉरंट निघालं.

बाई तिथंच होती.
निंबाखाली, मक्याची भाकर फडक्यात बांधून.
तोरणमाळच्या अंगानं, अंधारात निघणाऱ्या जीपमधून यायची,
टपावर बसून.
मी एकदा पाणीही दिलं होतं तिला.
नाव विचारलं नव्हतं.

तिचं नाव रुमली.
फॉरेस्टच्या माणसानं त्याच्या हाताला सोपं पडलं
ते लिहिलं.
आपलं नाव घेतील तेव्हा उठायचं,
म्हणून ती बसून होती.

गुन्हा: राखीव जंगल, दोन पाट्या डिंक,
एक कुऱ्हाड, दांड्यासहित.

मराठी तिला येत होती, पण बाजारापुरती.
किलो. सुट्टे. उद्या या.
एवढ्या मराठीत आरोपपत्र मावत नाही.

मोफत वकील म्हणून भामरेबाई उभ्या राहिल्या,
धुळ्याच्या, नवीन, काळा कोट खांद्यात सैल.
त्यांनी एक कागद पुढं केला.
दूरच्या कुठल्या शहरात साऱ्या देशांनी केलेला करार,
त्यावर आपल्याही देशाचा होकार.
कलम चौदा: आरोप सांगावा तो
त्या माणसाला समजेल अशा भाषेत.
दुभाषी द्यावा. फुकट.

सरकारी वकील हसले.
म्हणाले, हे शहाद्याला लागू आहे का?

साहेब लगेच बोलले नाहीत.
पेनाचं टोपण काढलं, लावलं, काढलं.
पंख्याचा आवाज तेवढा.
मग हळू म्हणाले,
आपल्या कायद्यात आहे, आरोप समजावून द्यावा.
कोणत्या भाषेत, ते लिहिलेलं नाही.
जिथं आपला कायदा गप्प बसतो
तिथं देशानं बाहेर दिलेला शब्द ऐकू यायला हवा.
शब्द देशानं दिला,
तो पाळायचा कुठं? दिल्लीतच का?

स्टेनोनं विचारलं, सर, हे सगळं घेऊ का?
घ्या, म्हणाले.

मग दुभाषी शोधायला मलाच पाठवलं.
नर्सिंगच्या होस्टेलवरून जमुना आली,
परीक्षेच्या नोट्स हातात तशाच.
आरोप सव्वा ओळीचा.
पावरीत न्यायला तिला अर्धा तास लागला.
‘राखीव’पाशी अडली ती,
पुढं गेली, मागं आली.
रुमलीनं ऐकून घेतलं,
आणि काहीतरी विचारलं.

काय म्हणते?
जमुना साहेबांकडं न बघता म्हणाली,
ती म्हणते, राखलं म्हणजे कुणी?
आणि कुणापासून?

हे कुठल्या रकान्यात टाकायचं
ते स्टेनोला कळेना.
साहेब म्हणाले, जसंच्या तसं लिहा.

माझ्या शाळेत अहिराणी बोललं की पट्टी बसायची.
‘मले नही समजनं’ म्हटलं की दोन.
हे मला त्या दिवशी का आठवलं, काय माहीत.
रात्री जेवताना बायकोला सांगायला गेलो
तर ती म्हणे, मग? सोडलं का तिला?

नाही.
वॉरंट रद्द झालं. नाव दुरुस्त झालं,
लाल शाईनं, बाजूला सही.
पुढच्या तारखेला मी दारात आलो,
तोंडात जुनंच नाव आलं सवयीनं,
ते गिळलं.
रुमलीबाई गुलाब पावरा.
हाजिर है म्हणायच्या आतच
ती निंबाखालून उठली होती, फडकं झटकत.
तरी मी आणखी दोनदा पुकारलं.
नियम आहे.

खटला चालू आहे.
जमुनाचा भत्ता अजून मंजूर व्हायचाय.
कुऱ्हाड मुद्देमालाच्या खोलीत,
मागच्या फळीवर, चिठ्ठी बांधून.
चिठ्ठीवर अजून रमिलाच.
दांड्याला भुंगा लागलाय.