दोन-वीसचं सूत

नवं सूत आलं की नाना आधी त्याचा पीळ उलगडून बघायचे.
चिमटीत धागा सैल व्हायचा, एकाचे दोन.
"रेंडु," म्हणायचे. मोजणी तेलुगूत,
शिव्या कानडीत,
मालकाशी बोलणं असेल तरच मराठी.

बंद पडलेल्या शाळेच्या भंगारात दुर्बीण मिळाली,
साडेचारशे रुपयांना, भिंगाला एका कडेनं बुरशी.
तिवई दस्तगीरचाचांनी केली,
मोडीत निघालेल्या मागाच्या लोखंडातून.
तीस वर्षं धोट्याचे दणके खाल्लेलं लोखंड ते,
आभाळाला काय थरथरणार.

लाइट गेली की एमआयडीसीची खडखड एकदम थांबायची,
कानात मात्र चालूच राहायची थोडा वेळ.
मग घरकुलाच्या गच्चीवर नाना तारे सोडवायला बसत.
बघायला नाही म्हणायचे. सोडवायला.

पहिला वसिष्ठ.
पुष्पलता आत्याच्या लग्नात ढग होते,
भटजींनी पाण्याच्या टाकीकडे बोट करून
"ती बघा अरुंधती" म्हटलं, आणि तिनं मान डोलावली.
संसार झाला, चांगला झाला.
इथं दुर्बिणीत वसिष्ठ एकटाच दोन निघाला.
मी वाचनालयाचं पुस्तक बॅटरीच्या उजेडात वाचत होते:
या दोघांतला प्रत्येक पुन्हा दोन,
अरुंधतीलाही एक मिणमिणता जोडीदार,
आणि बहुधा सगळेच एकमेकांना धरून.
नाना बोटांवर मोजत गेले,
ओकटी, रेंडु, मूडु, नालुगु, ऐदु...
सहाव्याला दुसऱ्या हाताचं बोट काढावं लागलं.
"सहा पदरी! कुठल्या मिलनं कातलं असेल?"
आई सुपात विड्या वळत होती, हजारातल्या सातशे झालेल्या.
"सहा जण एका घरात," ती म्हणाली,
"आणि नळ चार दिवसांनी. भांडत असतील."

व्याध मात्र सुटेना.
जानेवारीत, गड्ड्यावरचे पाळणे थांबले,
दिवे विझले, तेव्हा रात्री उशिरा लावली दुर्बीण.
पुस्तक म्हणत होतं, याच्यासोबत एक विझलेला तारा आहे,
आकारानं पृथ्वीएवढा, वजनानं सूर्याएवढा.
दिसायच्या आधीच ओळखला त्याला,
कारण व्याध सरळ चालत नव्हता,
झोल खात चालला होता, कुणाच्या तरी बाजूला.
मी डोळ्याला पाणी येईतो बघितलं. एकच.
चाचांनी बघितलं. एकच.
नाना उठलेही नाहीत.
"उलटा पीळ आहे ना? एकेरी सुताला तो बसत नाही.
मग दुसरा पदर आहेच. दिसू दे, नाहीतर राहू दे."

कारखाना बंद झाला त्या वर्षी
ते रोज सातला डबा घेऊन निघत,
कुलूप लावलेल्या फाटकापर्यंत जात,
समोरच्या टपरीवर चाचा बसलेलेच असत.
दोघं एकच चहा दोन बशांत पीत.
आई म्हणायची, सुंभ जळला तरी पीळ जात नाही.
रागानं म्हणायची.
मी ते वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं,
व्याधाच्या नोंदीखाली. का, ते तेव्हा सांगता आलं नसतं.

नाना जाऊन तीन उन्हाळे झाले.
चाचा शुक्रवारी येतात. मोतीबिंदू पिकलाय,
आता दुर्बिणीला डोळा लावत नाहीत,
तिवईच्या सांध्यात तेलाचे दोन थेंब सोडतात,
बोट पायजम्याला पुसतात.
आई बिनसाखरेचा चहा देते, बशीसकट.

यंदाच्या गड्ड्यात, पाळणे थांबल्यावर,
त्यांनी जिन्याच्या तोंडाशी थांबून विचारलं,
"वो छुटा क्या, बेटी?"
"नाही चाचा. अजून एकच दिसतो."
"हां," म्हणाले,
आणि भिंतीला घासत, सावकाश उतरले,
अरुंद जिन्यावर
कठड्याकडची बाजू
एका माणसापुरती मोकळी सोडून.