कानाडोळा

ओउलूच्या त्या कुंपणाआड दुपारी तीनलाच दिवे लागतात.
आम्ही दहाबारा माणसं, तेरा कुत्री,
आडनावं कुणाचीच कुणाला ठाऊक नाहीत.
मी नाप्पीची आई, तो पेइक्कोचा बाप,
इतकी ओळख पुरते उणे सतरात.

"हल्ली ऐकत नाही हा," एवढंच म्हणाले मी
आणि सगळ्यांचे हात मोज्यांतून बाहेर आले.

सिर्पा म्हणाली, गळपट्टा काढ आधी,
छातीवरून जाणारा घे, पुढे कडी असलेला,
ओढलं की आपोआप तुझ्याकडे वळतो.
कुणी म्हणालं दहा मीटरची दोरी,
ती रबरासारखी, तिला बर्फ धरत नाही.
पेटेरीनं क्लिकरच काढून दाखवला:
टिक, की लगेच खाऊ. टिक, की लगेच खाऊ.
क्षणाचा उशीर झाला तर तो काय शिकेल?
काहीतरी भलतंच शिकेल.
खाऊ मात्र रेनडियरच्या फुप्फुसाचा, वाळवलेला,
बिस्किटासाठी कोण येतं एवढ्या थंडीत.
आणि पंजांना मेण लावतेस ना?
(लावते. रोज. बोटांमधले केसही कापते.)
वय? अकरा. मग झालं तर,
म्हातारपणी हट्टी होतातच, सिर्पा म्हणाली,
आमच्या घरात एक आहे, दोन पायांचा.

सगळं आणलं मी. एकशे एकोणीस युरो.
पालथ्या घड्यावर पाणी,
तेही पडता पडता गोठणारं.
मी टिक करायची, तो बर्फ हुंगायचा.
मी हाक मारायची, तो शेपटीनं
दुसऱ्याच कुणाशी तरी बोलत असायचा.
एका संध्याकाळी स्वयंपाकघरात
मी त्याच्या तोंडाशी तोंड नेऊन म्हणाले,
तू मुद्दाम करतोस. मुद्दाम कानाडोळा करतोस.
त्यानं माझी हनुवटी चाटली.

मग तो मंगळवार. वाऱ्यानं लोखंडी फाटक आपटलं,
असं, की माझ्याच दातांत वाजलं.
बारा कुत्र्यांनी माना वळवल्या.
नाप्पी एका पिवळ्या डागापाशी
निवांत वाचन करत होता.

कुणी काही बोललं नाही.
आउलिस तर एरवीही बोलत नाही,
चौतीस वर्षं कागदाच्या गिरणीत, यंत्राशेजारी.
त्यानं टोपी वर केली, कानातलं बटण चाचपलं.
"मीही असाच हट्टी होतो," म्हणाला,
"चार वर्षं. बायको तसंच म्हणायची."

आता आमची भाषा वेगळी आहे.
उघडा तळवा म्हणजे थांब.
मांडीवर दोन थापा म्हणजे इकडे ये.
झोपला असेल तर पाठीमागून हात लावायचा नाही,
आधी नाकासमोर बोटं धरायची,
मी आहे हे त्याला वासानं कळू द्यायचं.
दुसऱ्या खोलीतून बोलवायला
फळीवर टाच आपटते मी;
खालच्या मजल्यावरच्या बाईंना चिठ्ठी लिहून
कारण सांगितलंय, त्यांनी केक पाठवला.
अंधारात विजेरी, दोनदा उघडझाप.
कुंपणाच्या पार टोकाला एक पांढरा ठिपका
थबकतो, वळतो, मोठा होत येतो.
त्याचा डोळाच कान झालाय.
मराठीत तो शब्द उगाच बदनाम आहे.
(माझ्या खालच्या मजल्यावरच्या बाई नागपूरच्या,
तो शब्द त्यांनीच शिकवला मला, केक खाताना.)

पिवळ्या जाकिटावर लिहून घेतलंय:
मला ऐकू येत नाही. लोक तरी त्याला हाका मारतात.
मीही मारते. जीभ ऐकत नाही,
अकरा वर्षांची सवय आहे तिला.
काल फाटकाशी एक नवा मुलगा आला,
हातात पिल्लू, पिल्लाच्या तोंडात त्याचाच मोजा.
कुठला पट्टा घेऊ, विचारत होता.
आम्ही सगळे एकदम बोलू लागलो.

क्लिकर अजून कोटाच्या खिशात आहे.
बसची वाट बघताना बोट लागतं.
टिक.
आणि वाटतं, कुणाला तरी
खाऊ द्यायचा राहून गेलाय.