माणूस आत आहे

सोमवारी सकाळी आठला, अक्कलकोट रोडच्या टॉवेल कारखान्यात,
कालच्या आमटीचा वास कँटीनच्या भिंतीला धरून असतो तेव्हा
मी नव्या माणसांना जीव सांभाळायला शिकवतो.
पाऊण तास. त्यातली दहा मिनिटं सह्यांची.

आज अकरा जण. हेल्मेटं सात.
फोटो स्टुडिओतल्या कोटासारखं
जो तो घालून बघतो, हसतो, पुढं देतो.

बॉयलर साफ करायला आलेले ठेकेदाराचे चौघं
मागच्या बाकावर. दोन दिवसांचं काम,
ट्रेनिंग कशाला, असं त्यांना गेटवरच कुणीतरी सांगितलंय.
दस्तगीर नदाफ डुलक्या काढतो.
‘काय बे, झोपायलास का?’
‘नाही सर, ऐकायलोय.’
असेल. लूमखात्यात जन्म गेलेले तर
डोळ्यांनीच ऐकतात, समोरच्याच्या ओठांवरून.

फिल्म लावतो.
तिच्यातला कारखाना इतका स्वच्छ
की कुणाला तो कारखाना वाटत नाही.
तिथं घाम नाही, कानात कापसाची भुकटी नाही.
इथं मार्चातच पत्रा तापून टकटक वाजतो.
मध्येच बंद करून मी डावा हात वर धरतो.
मोजा.
कुणीतरी हळू मोजतं,
ओकटी, रेंडू, मूडू,
आणि तिथंच थांबतं.

एका मिनिटाचं काम होतं.
बीम अडकला, मी आत वाकलो.
मालय्यानं बटण दाबलं. त्याला मी दिसलोच नव्हतो.
तो अजून दर दिवाळीला शेंगाचटणी आणून देतो
आणि डबा माझ्या उजव्या हातातच देतो.

म्हणून हे कुलूप. ही एकच किल्ली,
जो आत उतरतो त्याच्या खिशात.
ठेकेदाराच्या नाही, माझ्याही नाही.
आणि हा लाल बिल्ला:
चालू करू नका. माणूस आत आहे.
अक्षर येत नसेल तर रंग वाचा.

पदर खोचा. ओढणी आवळा. मनगटातला गंडा
काढा म्हटलं की सगळे हात थबकतात.
देवाचा हाय सर.
सिद्धेश्वर रागावणार नाही, मी म्हणतो,
रोलरचं सांगता येत नाही.

काही विचारायचंय?
नऊ वर्षांत कुणी विचारलेलं नाही.
मी पेनाचं टोपण लावत होतो,
तेवढ्यात भूमव्वा यंगल उठली,
विड्या वळून वळून अंगठा गुळगुळीत झालेली.
‘लाल बटण दाबा म्हणलाव.
दाबलं. मशीन थांबलं.
थांबल्या वेळाचे पैसे कोण देणार?
विडीत हजारामागं छाट काढायचे,
इथं पिसावर मजुरी हाय.
मग बटण नेमकं कुणासाठी हाय, सर?’

पंखा फिरत राहिला.
पुस्तिकेत, पान चौदावर,
कामगाराला काम थांबवायचा हक्क आहे असं छापलंय.
पैशाचं त्या पानावर नाही. पुढच्याही नाही.
विचारून सांगतो, म्हणालो.

रजिस्टरात शेवटचा रकाना शेऱ्याचा.
वरपासून खालपर्यंत निरंक, निरंक, माझ्याच अक्षरात.
तिथं तिचा प्रश्न लिहिला.
जागा पुरली नाही, ओळ उतरून
खालच्या दस्तगीरच्या नावावर गेली.
मॅनेजर वाचून म्हणाले, बघू.

साडेतीनला बॉयलरकडं गेलो. शनिवारपासून तो गार.
झाकण उघडं, आतून खरवडल्याचा आवाज,
व्हॉल्व्हला कुलूप, त्याला लाल बिल्ला,
आणि बिल्ल्यावर ‘माणूस’च्या शेजारी
खडूनं, वाकड्या अक्षरात: दस्तगीर.
मी किल्ली विचारली नाही.
आतून खोकला आला, मग एक शिवी. ठीक.

परतीच्या वाटेवर हेमिंगखातं लागतं.
मशीनं चालू. भूमव्वानं मान वर केली,
सुई न थांबवता ओठ हलवले:
काय झालं?
त्या आवाजात माझंही कुणाला ऐकू गेलं नसतं.
मी डावा हात वर केला
आणि तीन बोटांनी खुणावलं,
उद्या.