भुसा

सकाळी साडेसहाला, उपाशीपोटी,
लटारू शेडमाके बाही वर करतात.
जबडा अर्धाच उरलाय, शब्द ओले होऊन पडतात.
खर्रा नाक्यावरच्या जागरणाचा.

"मांगच्या महिन्यात घेतलंच ना रगत?"
घेतलं, काका. पण एकट्या आकड्याला बोलता येत नाही.
आज दुसरा.
गाठीवरून सुटून
रक्तात विरघळून हिंडतं काहीतरी, ते मोजायचंय.

कसं सांगू?
अंगातही पहारेकरी असतात.
गाठ त्यांना एक खूण दाखवते:
आपलाच आहे, जाऊ द्या.
ते जाऊ देतात.

बराच वेळ कापूस दाबून बसतात.
मग म्हणतात, "म्हंजे खोटा हातोडा."

बत्तीस वर्षं तळोधीकडच्या नाक्यावर
कंदिलाच्या उजेडात सागाच्या बुडाशी वाकून
त्यांनी ठोकलेला छाप बोटानं चाचपलाय.

"येक गाडी आली रातची. छाप बराबर, पास बराबर.
मीच बांबू वर केला.
सकारी नाल्यावर तोंड धुवाले गेलो
तं पान्यावर भुसा.
पिवरा. ताजा.
वरतं कोनीतरी कापत होता."

नळीवर नाव लिहिता लिहिता माझा हात थांबतो.
तोच, काका. तो भुसाच.

यंत्रात नळी फिरते.
वर मधाच्या रंगाचं पाणी, खाली लाल गाळ.
बर्फाचा डबा आठच्या नागपूर गाडीत,
कंडक्टर ढोरेंच्या सीटखाली,
कुणाच्या तरी वांग्यांच्या पिशवीशेजारी.

आकडा आला तो दुपटीनं.
मॅडम कागदाकडे बघत राहिल्या.
वाढलाय. पण गेल्या आठवड्यात त्यांना ताप होता ना?
तापातही वाढतो.
नुसत्या ह्यावर अजून कुणी निकाल देत नाही.

मी सगळं सांगते. ताप, शंका, पुढचा महिना.
ते मान हलवतात.
"भुसा दिसला म्हून चोराचं नाव समजत नाही, बाई.
कोनी घरच्या दाराले रंदा मारत असन."

मग तुम्ही काय केलंत तेव्हा?

"काय करतो! नाल्यानं वरतं चालत गेलो."

सापडले का, हे विचारायच्या आत
बाही खाली आलेली असते.
भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी जाऊन
पुढच्या महिन्याची तारीख
ते बोटानं चाचपून बघतात.