अठ्ठेचाळीस तास

शनिवारी दुपारी तीनला
प्रत्येक बीकरमध्ये दहा पाणपिसवा सोडल्या.
टाचणीच्या टोकाएवढ्या, इतक्या पारदर्शक
की भिंगाखाली पाठीशी काळीज उडताना दिसतं
आणि पोटात सकाळचं हिरवं खाणं.

पाणी वडगावचं. आमच्याच गल्लीतली विहीर.
बाटलीवर मी फक्त ‘नमुना तीन’ लिहिलं.
त्या विहिरीच्या काठावर अप्पांनी
तीस वर्षं सूत रंगवलं, पिळलं, धुतलं.
लग्नसराईत गटार हळदीचं,
श्रावणात मोरपंखी.
पूर्वी तिच्यात एक कासव होतं,
पाणी नितळ राहावं म्हणून कुणीतरी सोडलेलं.
ते कधी दिसेनासं झालं, कुणालाच सांगता येत नाही.
कासवाची वही कुणी ठेवली नव्हती.

मी ठेवते.
बीकरला हलकी टिचकी मारायची,
पंधरा सेकंद थांबायचं,
पोहली नाही तर आडवी रेघ.
‘मेली’ असं लिहायचं नसतं,
‘हालचाल नाही’ लिहायचं.

रविवारी तीनला
निम्म्या पाण्यात सात पोहतात.
निखळ नमुन्यात दोन.
हिरेमठ मॅडम मान वर न करता विचारतात, एष्टु?
मी सांगते, आठ रेघा.
त्या कन्नडात मांडतात, मी मराठीत,
आकडा तेवढा दोघींचा.

शेजारी साधं बीकर:
राकसकोपचं नळाचं पाणी,
क्लोरीन उडावा म्हणून दोन रात्री उघडं ठेवलेलं.
यातल्या जगायलाच हव्यात.
एकीहून जास्त गेल्या तर सगळी चाचणी रद्द,
नमुना तीन नव्हताच म्हणायचं.

घरी अप्पा ताटावर बसले,
नखांच्या कडेला निळा, कधीच न निघणारा.
‘काय म्हणूलाल्यात गे तुझी किडं?’
मी आमटी वाढली.
रात्री अंथरुणात पडल्या पडल्या
देवाकडे पहिल्यांदाच असलं काही मागितलं:
साध्या बीकरातल्या दोन मरू देत.
दोनच.

सोमवारी तीन.
निखळ नमुना: दहा रेघा.
मग साधं बीकर उजेडाकडे धरलं.
टिचकी मारायचीही गरज नव्हती.
दहा.
पुन्हा मोजल्या.
एक काचेला येऊन थबकली,
तिचं काळीज एवढंसं, घाईत.