उपनगरने विचारलंय

घरी, पाथर्डी फाट्याला, दुसऱ्या मजल्यावर
कपडे वाळत घालायच्या स्टँडशेजारी
एक मशीन जागं आहे.
त्याच्या काळ्या पडद्याचे मी चार तुकडे केलेत
आणि नावं दिलीत, नाहीतर घोळ होतो:
सातपूर, अंबड, देवळाली, उपनगर.
मराठीत कुणालाही लिंग द्यावंच लागतं, म्हणून चौघांना 'तो'.
सातपूर चाचण्या लिहितो. अंबड जुना कोड उसवतो.
देवळाली बहुतेक वेळ उभाच,
सिग्नल न मिळालेल्या मालगाडीसारखा.
उपनगर फार विचारतो.

मी इथे, कॉलेज रोडच्या डोळ्यांच्या दवाखान्यात.
टोकन सव्वीस.
शेजारी नाना, उजव्या डोळ्यावर कालची पट्टी,
मांडीवर फाइल, फाइलवर पालथा हात,
कुणी ती उचलून नेणार असल्यासारखा.

पर्समध्ये मोबाइल थरथरतो.
तोच काळा पडदा, आता तळहाताएवढा,
तीच ओळ, जिथे सकाळी चहा अर्धा टाकून उठले.
घर सुटलं तरी काम सुटत नाही,
हे सुख आहे की कसं
ते अजून ठरवलेलं नाही मी.

"कोण आहे?"
उपनगर.
"उपनगरातून कोण?"

नाना एकतीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये होते.
छापलेल्या कागदात खोट शोधायची, एवढंच काम.
शाई फिकी. आकडा सरकलेला. कडेला केसाएवढी रेघ.
मोजणी जुळल्याशिवाय दार उघडायचं नाही.
एकदा एक कागद कमी भरला
आणि अख्खी पाळी रात्री पावणेअकरापर्यंत आत.
(मागच्या दिवाळीत सव्वाबारा वाजले होते.)

मी सांगते, नाना, चार कारागीर समजा. माणसं नाहीत.
झोपत नाहीत, डबा आणत नाहीत,
सांगितलेलं करतात, आणि कधी कधी
न सांगितलेलंही, फार मन लावून.
"असा एक होता आमच्याकडे," नाना म्हणतात. "खामकर."

उपनगरचा प्रश्न:
जुन्या पावत्यांचा फोल्डर वापरात दिसत नाही.
काढून टाकू? होय / नाही.

अंगठा 'होय'वर गेलाच होता.
सकाळपासून चाळीसदा होय म्हटलंय,
त्यातलं निम्मं न वाचता.
"वाच," नाना म्हणतात. "मोठ्यानं."
मी वाचते. समोरच्या बाई पोथी मिटून ऐकू लागतात.

"वापरात दिसत नाही. कुणाला दिसत नाही?"
त्याला.
"मग त्याला दिसत नाही म्हण. वापरात नाही कशाला म्हणतो?"

नाही, दाबते मी.
लिहिते: आधी मोज. किती आहेत, शेवटचं कुणी उघडलं.
उपनगर लगेच: तुमचं अगदी बरोबर आहे.
हेही वाचून दाखवते.
"एवढ्यात पटलं?" नाना मान हलवतात.
"याच्यावर जरा जास्तच लक्ष ठेव."

चार हजार एकशे सहा.
त्यातल्या अकरा काल रात्री उघडलेल्या,
ओझरच्या कोल्ड स्टोरेजमधून, दोन वाजून दहा मिनिटांनी.
कुणीतरी बसला असेल तिथे स्वेटर घालून
जुना हिशेब जुळवत.
माझ्या पाठीला घाम येतो, एसीतही.
नानांना मी फक्त आकडा सांगते.
"हं," एवढंच म्हणतात ते,
खोट सापडल्यावर म्हणत असतील तसं.

सव्वीस!
मी त्यांचं कोपर धरते.
आतल्या दारावर पाटी: मोबाइल बंद ठेवा.
बंद करते. तिकडे मशीन चालूच राहील,
चौघेही आपापल्या चौकटीत, मी बघत नसताना.

उंबऱ्याशी नाना थांबतात.
"भरले का सगळे?"
सातपूर, अंबड, उपनगर...
देवळाली अजून थांबलाय, नाना.
"थांबू दे. आहे ना?"
आहे.
"मग उघड दार."