काल रात्री घरात झोपलेले

दारावर खडूनं सतरा लिहिते.
खाली मागच्या खेपेचा आकडा अजून पुसटसा आहे,
तेव्हा हे घर नऊ होतं.
कुंपणापलीकडून शेजारीण विचारते,
आमच्याकडे का नाही? आम्हाला काय डास चावत नाहीत?
यादी लुसाकात निघते, मी सांगते, चिठ्ठ्या टाकल्यासारखी.
मग आमची चिठ्ठी कधीच कशी लागत नाही?
याचं उत्तर माझ्या प्रशिक्षणात नव्हतं.

भिजत घातलेल्या कसाव्याचा आंबूस वास.
चटईवर चिसेन्से वाळतेय, नखाएवढी मासळी,
आणि कोंबड्यांनी चोच मारू नये म्हणून
तिच्यावर पसरलेली निळी जाळी. सरकारी.
मी ती बघते.
मी बघतेय हे ती बाई बघते.

घरात मच्छरदाण्या किती?
तीन.
टांगलेल्या?
एक.
दुसरी पिशवीतच आहे, घडीसुद्धा मोडली नाही,
मुलगी मान्साहून बाळंतपणाला आली की काढायची.
तिसरी तुम्ही आत्ताच पाहिलीत.
लिहा काय लिहायचं ते.

काल रात्री घरात कोण कोण झोपलं?
ती बोटांवर मोजते. मी. चोला, वय सहा.
काटोंगो, दोन पावसाळे झालेला.
सासरे, पण ते बाहेर, शेकोटीच्या धुरात,
जाळीत शिरलं की मासा झाल्यासारखं वाटतं म्हणतात.
‘इतर कारण’ या चौकटीत
मासा मावतो. मी दाबते.

काटोंगोचं बोट टोचते.
तो रडत नाही, रक्ताकडे नवलानं बघतो,
जणू ते माझ्याच पिशवीतून निघालंय.
आता पंधरा मिनिटं.
ती भुईमूग सोलत बसते, ओंजळभर माझ्यापुढेही ठेवते.
वेळ आहेच, तर वरची रिकामी ओळ भरून घ्यावी.
तुमचं नाव?
बाना चिसेंगा.
चिसेंगाची आई. सगळं गाव हीच हाक मारतं.
मी सवयीनं विचारते, चिसेंगा? त्याचं वय?

टॅबलेट पर्याय पुढे करतो:
मासेमारीला गेला. शेतावर. परगावी.
तिचे हात थांबत नाहीत. टरफल फुटतं, दाणा पडतो.
तेव्हा तुम्हीच आला होतात, ती म्हणते,
त्याचंही बोट तुम्हीच टोचलं होतंत.
एकच रेघ आली होती.
तुम्ही हसून म्हणालात, छान.

मला तो आठवत नाही.
त्या महिन्यात मी दोनशे बारा बोटं टोचली.
मी म्हणाले असणार. मी सगळ्यांनाच म्हणायचे.

एकूण: चार.
यंत्र विचारतं, बरोबर आहे?
बरोबर आहे.
प्रश्न काल रात्रीचाच आहे, त्याच्या अलीकडचा नाही, पलीकडचा नाही.

काटोंगोच्या पट्टीवर दुसरी रेघ उमटतेय,
इतकी फिकी की मी ती उन्हात धरते,
मग सावलीत. मग पुन्हा उन्हात.
आहे.
गोळी पाण्यात विरघळवते, पहिला डोस माझ्यासमोर,
बाकीचे कधी द्यायचे ते तीनदा सांगते.
ती तीनदा मान हलवते.
छान म्हणायला तोंड उघडतं, ते मी मिटते.

मी बाहेर पडते तेव्हा
ती पिशवी दातांनी फाडत असते,
नव्या जाळीचा उग्र वास अंगणभर.
शेजारीण कुंपणापाशीच उभी.
झालं का मोजून?